पावसाची वाट न पाहणारं गवत

भूगाव मागे टाकून पिरंगुटच्या घाटात शिरलं, की सप्टेंबरअखेरीस रस्त्याच्या कडा केशरी-पिवळ्या होतात. गाड्या थांबतात, फोटो निघतात. ही सोनकी नव्हे. मेक्सिकोहून बागेत आलेला आणि बागेतून निसटलेला हा कॉसमॉस.

आपल्या डोंगरउतारांचं पंचांग पावसावर चालतं. मृगाच्या सरींनी कुसळीला कोंब येतात, गौरी येईपर्यंत तेरडा फुलतो, दिवाळीनंतर गवत वाळतं. मग बी मातीत पडून राहतं, थेट पुढच्या पावसापर्यंत. एवढा मोठा कोरडा काळ तगायचा, तर असं थांबणं भागच आहे.

कॉसमॉसला हे पंचांग नव्याने शिकावं लागलं नाही. मध्य मेक्सिकोतही पाऊस साधारण जून ते ऑक्टोबरच. तो आपल्या गवताबरोबर उगवतो, पण छातीएवढा वाढतो आणि तेरडा, कवला यांच्या वाट्याचं ऊन अडवतो.

गाजरगवताची तऱ्हा निराळी, आणि मला ती जास्त घोर लावते. भारतातली त्याची गाजलेली नोंद 1955 सालची, पुण्यातलीच. त्याचं बी मृगासाठी अडून बसत नाही. अवकाळी सर, फुटलेली पाइपलाइन, बांधकामावर मारलेलं पाणी, कुठलीही ओल त्याला चालते. महिना-दीड महिन्यात फूल, एका रोपाला 15 ते 25 हजार बिया, ओल टिकली तर वर्षात तीन-चार पिढ्या. पिरंगुटला कारखाने आणि इमारती उभ्या राहताना माती, मुरूम इकडचा तिकडे जातो, त्यातून बीही जातं. हिवाळ्यात कुसळी वाळलेली असते, तेव्हा ऊन, जागा, ओल सगळं याच्या एकट्याचं. जूनमध्ये तेरड्याचं बी रुजायला बघतं, तर जागा आधीच भरलेली.

1984 साली बंगळुरूला गाजरगवतावर मेक्सिकन भुंगा सोडला गेला, पुढे तो महाराष्ट्रातही आला. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, कोरड्या दिवसांत मात्र जमिनीत जाऊन निजतो. नेमक्या त्या महिन्यांत उगवलेली रोपं निर्धास्त बी टाकतात.

म्हणून उपटायचं, ते वेळ साधून. कॉसमॉस श्रावणात, कळ्या धरण्याआधी, माती मऊ असताना मुळासकट निघतो; फोटोंच्या दिवसांत पुढच्या वर्षीचं बी तयार होऊ लागलेलं असतं. गाजरगवताला हातमोजे हवेत, अंगाला खाज सुटते. आणि तिथे एक फेरी पुरत नाही. अवकाळी पाऊस पडला, की तीन आठवड्यांनी, फुलं येण्याआधी, पुन्हा जायचं.