सर्वाधिक गुण कोणाला?

पोलीस भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटे. अंकगणित, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांच्या जोडीला 'बुद्धिमत्ता चाचणी' हा विषय असतो. लालबागच्या आमच्या चाळीतून आम्ही चौघे या परीक्षेची तयारी करीत आहोत. धावण्यात कोणी मागे नाही. गाडी अडते ती या विषयापाशी. बी.ए.चे दुसरे वर्ष चालू असताना भरतीच्या मागे कशाला, असे वर्गमित्र विचारतात. घरात पगार आणणारे वडील एकटे आहेत, हे त्याचे उत्तर. असो.

एका सराव परीक्षेत असा प्रश्न होता : 'पाच विद्यार्थ्यांना वेगवेगळे गुण मिळाले. लताला रमेशपेक्षा जास्त, पण सुमनपेक्षा कमी गुण आहेत. गणपतला रमेशपेक्षा कमी आहेत. विनूला लतापेक्षा जास्त आहेत. तर सर्वाधिक गुण कोणाला?' पर्याय होते सुमन, विनू, लता आणि 'निश्चित सांगता येत नाही'. मी बेधडक सुमनवर खूण केली. गुण गेला.

रात्री वहीत नावे एकाखाली एक मांडली. सुमन, लता, रमेश, तळाला गणपत. इथवर सरळ होते. राहिलेल्या विनूला मी सुमन आणि लता यांच्या मध्ये लिहिले. आजोबा शेजारी बसून पाहत होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तोवर ते परळच्या गिरणीत होते, त्यातली पहिली काही वर्षे बदली कामगार म्हणून. ते म्हणाले, "हा विनू सुमनच्या खाली आहे, हे तुला कोणी सांगितलं रे?"

कोणीच सांगितले नव्हते! मधे जागा दिसली म्हणून मी ती भरली होती. विनू लताच्या वर आहे, एवढेच प्रश्नात दिले आहे; सुमनच्या वर की खाली, हे दिलेले नाही. म्हणून चौथा पर्याय बरोबर. आता असे नाव मी ओळीत न घालता बाजूला लिहितो आणि ते जिथवर सरकू शकते तिथवर रेघ ओढतो.

पण 'निश्चित सांगता येत नाही' दिसले की त्यावरच उडी मारणेही वाईट. (आमच्यातल्या एकाने पुढच्या पेपरात तेच केले.) याच माहितीवर 'तिसरा क्रमांक कोणाचा?' असे विचारले, तर उत्तर पक्के आहे. सुमन आणि विनू आपापसांत कसेही असोत, दोघे लताच्या वर. रमेश आणि गणपत तिच्या खाली. तिसरी लताच.

शब्दही नीट वाचावे लागतात. 'वेगवेगळे' हा एक शब्द गाळला, तर सुमन आणि विनू बरोबरीत येऊ शकतात. 'कमी नाहीत' याचा अर्थ जास्तच आहेत असा नव्हे. तेवढेच असू शकतात.

दुसरा नेहमीचा प्रकार : 'रमेश वरून चौथा आणि खालून सातवा, तर विद्यार्थी किती?' चार आणि सात अकरा, वजा एक, दहा. सूत्र मला पाठ होते, पण एक का वजा करायचा ते कळत नव्हते. आजोबांनी गिरणीच्या फाटकावरची रांग सांगितली. "पुढून मोजलं तरी मी स्वतःला धरायचो, मागून मोजलं तरी धरायचो. माणूस एकच ना!" मग थोडे थांबून म्हणाले, "मागून मोजायची वेळ सहसा यायची नाही. पुढं किती जण आहेत, तेवढंच बघायचं."

लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. आजोबांना मात्र वेगळाच घोर लागला आहे. काल जेवताना त्यांनी पुन्हा विचारले, "पण त्या विनूला शेवटी मार्क किती पडले?"