घरातील रात्रपाळीचा माणूस

यंत्रमागाची रात्रपाळी भिवंडीला नवी नाही. कॉल सेंटरची मात्र घरातील वडीलधाऱ्यांना अजून उमगलेली नाही. आपला नातू संध्याकाळी ऐरोलीला निघतो आणि सकाळी परततो, कारण त्याचे ग्राहक अमेरिकेत असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणून मार्चमध्ये व नोव्हेंबरमध्ये त्याची पाळीही तासाभराने सरकते.

खुर्चीत बसून बोलायचे, त्यात कष्ट ते कसले, असे आपणांस वाटेल. परंतु एक संभाषण संपते न संपते तोच कानात दुसरे सुरू होते. पलीकडचा कितीही संतापला तरी आपला स्वर मृदूच ठेवावा लागतो. घरी आल्यावर तो बोलत नाही, याचा राग मानू नये. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

दिवसाची झोप मुळातच तोकडी, त्यात शेजारी मागांची खडखड. आपण मायेने दोन घास खाण्यासाठी बारा वाजता त्यास उठवता आणि मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. (या तक्रारी दोन्ही पिढ्या माझ्याकडेच घेऊन येतात.) असा अर्धवट झोपलेला मुलगा पहाटे अवजड वाहनांच्या गर्दीतून दुचाकीने परततो, हे ध्यानी घ्यावे. जेवण झाकून ठेवावे, खिडकीस जाड पडदा लावावा. आपली औषधे वा बँकेची कामे त्याला सांगायची असतील, तर ती संध्याकाळी, तो उठून चहा घेत असताना सांगावीत.