मोटारसायकलचा ब्रेक धरून राहतो, काय करावे?



बैलगाडीचे चाक जड झाले की बैलच सांगतात. मोटारसायकलचे तसे नाही. ब्रेक अर्धवट धरून राहिला तरी इंजिन बिचारे ओढत राहते. मग गाडी ॲव्हरेज देत नाही, चढाला दम टाकते, म्हणून आपण इंजिनाचे काम काढतो आणि खोड निघते ब्रेकमध्ये. पेट्रोल जाते ते जातेच, पण दुधाचे कॅन लावून उतारावर निघालो आणि चाक एकाएकी जाम झाले तर माणूस कॅनसकट रस्त्यावर येतो. म्हणून ही माहिती घरातल्या गाडी चालवणाऱ्या सर्वांना वाचून दाखवावी.

आधी ओळखावे कसे? गाडी डबल स्टँडवर लावावी, न्यूट्रल करावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. दोन-तीन फेरे सहज फिरले तर ठीक. साखळीमुळे थोडे जड लागते, ते चालेल. पण हात काढताच चाक थांबत असेल, आतून सतत घासल्याचा आवाज येत असेल, तर ब्रेक धरतो आहे असे समजावे. दोन-चार मैल फारसा ब्रेक न दाबता जाऊन आल्यावर ड्रमजवळ उलटा हात न्यावा. झळ लागली तर शंका नको. ड्रमला हात मात्र लावू नये, चटका बसतो. ब्रेक दाबलेला नसताना मागचा लाल दिवा जळत राहिला तर पायब्रेकचा पेडल वर येत नाही, हेही कळते.

पुष्कळशा साध्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात. त्यांची एक टोके खिळीवर टेकलेली, दुसऱ्या टोकांमध्ये चपटा कॅम. पेडल दाबला की दांडी बाहेरचा आर्म ओढते, कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना परत आत घेतात. धरणे होते ते या परत येण्याच्या कामात.

खर्च नसलेली कारणे प्रथम पाहावीत. नुकतीच साखळी ताणली होती का? साखळी ताणताना चाक मागे सरकते, त्याबरोबर ब्रेकची दांडीही ताणली जाते. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दांडीच्या टोकाचा नट ढिला करून पेडलला साधारण २ ते ३ सेंटीमीटर मोकळी चाल ठेवावी. त्यानंतर पेडलच्या खिळीत चिखल वाळून बसला आहे का, पेडलची स्प्रिंग तुटली आहे का, ते बघावे.

तरी फरक नाही, तर नट पूर्ण काढून दांडी आर्मपासून सोडवावी आणि आर्म हाताने दाबून सोडावा. टपकन मागे आला तर दोष पेडलकडे. रेंगाळला किंवा आलाच नाही तर कॅम गंजला. शेतकऱ्याच्या गाडीत बहुधा हेच निघते. काळ्या रानातला चिखल, ओढ्याचे पाणी, आणि त्यात मागे बांधलेली खताची गोणी! खत ओल धरते आणि लोखंड खाते. गोणी आणली त्या दिवशी गाडी धुवावीच.

कॅम सोडवण्यासाठी टॉर्क आर्मचा नट, मग एक्सल काढून चाक उतरवावे. वायसर आणि बुश कोणत्या बाजूचे ते ओळीने मांडून ठेवावे. आतली भुकटी तोंडाने फुंकू नये, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसावी. शू फडक्यात धरून पुस्तक मिटल्यासारखे उचलले की सुटतात. आर्म काढण्याआधी आर्मवर आणि कॅमच्या टोकावर समोरासमोर खूण करावी. कॅम व त्याचे भोक बारीक पॉलिशपेपरने घासून, पुसून, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. पातळच बरं का! जास्त झालेले ग्रीस तापून शूवर उतरते आणि मग ब्रेक लागतच नाही. तेलकट झालेला शू पेट्रोलने धुऊन वापरू नये. नवी जोडीच घ्यावी.

खूण केली तशीच जुळवावी हे मुद्दाम सांगतो. शू झिजले की काही ठिकाणी आर्म एक दात सरकवून देतात आणि “अजून दोन महिने चालेल” म्हणतात. ही सोय जिवावरची आहे. झिजलेल्या शूमुळे कॅम इतका वळतो की आडवा अडकून परत येत नाही, आणि चाक चालत्या गाडीत बांधले जाते. ब्रेक दाबल्यावर आर्मवरचा बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला, म्हणजे शूचे आयुष्य संपले.

जोडताना टॉर्क आर्मचा नट व पिन विसरू नये. ती सुटली तर प्लेटच चाकाबरोबर फिरते.

पुढच्या ड्रम ब्रेकला दांडीऐवजी केबल असते. केबल कोरडी असेल तर वरून तेल सोडावे. एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदलावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस आहे. जोडब्रेकच्या गाडीत पायब्रेकने पुढचा ब्रेकही लागतो, म्हणून पुढचे चाक धरत असेल तर ती जोडकेबलही तपासावी.

डिस्क ब्रेक घरी खोलू नये. त्यात पिस्टनला चिखल बसतो किंवा कॅलिपरच्या पिना सुकतात. ते काम मिस्त्रीचे. आपण एवढे पाहावे की झाकणावर लिहिलेल्या नंबरचेच ब्रेक ऑईल घातले जाते. ते ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. इंजिन ऑईल घातले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक कायमचा धरतो.

वाटेत मागचे चाक जाम झाले तर गाडी बाजूला घ्यावी, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. थंड झाल्यावर दांडीचा नट ढिला करावा, ओझे उतरवावे, आणि पुढच्या ब्रेकवर हळू घरी यावे. पावसाळ्यात ओढा ओलांडल्यावर सावकाश चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका दाबावा, शू सुकतात. नाहीतर रात्रीतून ड्रमला चिकटतात. नवे शू घातले तर पहिले दोन-तीन दिवस ब्रेक थोडा कमी लागेल. तोवर मागे ओझे बांधू नये.