रात्रपाळीची जोडी

सर्व्हरवर रात्रपाळीला एक जुनी जोडी असते. क्रॉन हा मुकादम: ठरल्या मिनिटाला हाक मारणार. आरसिंक हा हमाल. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात तो लिहिला. नेटवर्कवरून बॅकअप नेताना तो अख्खी फाइल उचलत नाही. तुकडे ताडून बदललेला भागच नेतो.

हमाल अडतो तो बहुधा दारात. ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की लोक त्या फाइलचे हक्क तपासतात. ते ठीक असतात. अडसर वरच्या एखाद्या फोल्डरवर असतो. युनिक्समध्ये फोल्डर ओलांडायला ‘एक्स’ हा वेगळा हक्क लागतो. माजघराची किल्ली आहे, पण दिंडीदरवाजा बंद! वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देणं म्हणजे वाडाच उघडा टाकणं. बॅकअपच्या खात्याला वाचण्याचा आणि फोल्डर ओलांडण्याचा हक्क तेवढा द्यावा.

दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री पडते, तेव्हा संशय मुकादमावर घ्यावा. क्रॉन आपला लॉगिन, आपला पाथ, आपली उघडलेली एसएसएच किल्ली सोबत नेत नाही.

जाताना हमाल एक आकडा, म्हणजे एक्झिट कोड, ठेवून जातो. शून्य म्हणजे फत्ते. २४ म्हणजे यादीत होती ती फाइल उचलेपर्यंत नाहीशी झाली. हे बहुधा निरुपद्रवी. २३ म्हणजे काही माल मागे राहिला; इथे झोपून चालत नाही. शेलने १३७ दाखवला तर काम कुणीतरी जबरदस्तीने मारलेलं असतं, बहुतेकदा मेमरी संपल्याने कर्नलनेच. २००८च्या ३.० आवृत्तीपूर्वी आरसिंक सगळ्या फाइलींची यादी आधीच मेमरीत भरत असे; लाखो फाइलींच्या सर्व्हरवर तिथेच दम निघे.

पण आकडा वाचणारं कुणी हवं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप शोधला, तर तो नव्हताच. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप काढणारा प्रोग्रॅम ९.२चा, तो रोज पडत होता. क्रॉन तशा ईमेलही पाठवत होता, पण पडताळणीची सही नसल्याने त्या नाकारल्या जात होत्या. चाचणीसाठी सहा तास आधी कुणी हाताने काढलेली प्रत होती, म्हणून त्याआधीचं तरी वाचलं.

म्हणून जाणते अ‍ॅडमिन लॉगमधल्या ‘यशस्वी’वर विसंबत नाहीत. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवतात आणि एखादी जुनी फाइल उघडून पाहतात. ती उघडली, की त्या महिन्याचा पगार या जोडीने कमावला.