मुंबई वसली कशी?

चर्चगेट स्टेशनावर रोज असंख्य माणसें उतरतात. परंतु ज्या वेशीवरून त्या स्टेशनास नांव मिळालें, ती वेस आज तेथें नाहीं. ‘फोर्ट’ म्हणून ज्या भागास ओळखतात, त्याचा कोटहि १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत पाडण्यांत आला. नांवें तेवढीं राहिलीं. तो कोट कां उठला आणि त्याच्या आश्रयास माणसें कां आलीं, हें पाहिलें म्हणजे मुंबई शहराच्या जन्माची कथा उलगडते.

शहर म्हणून मुंबई फार जुनी नाहीं. वस्ती म्हणून मात्र पुरातन आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम हीं सात बेटें; मधल्या खाजणांतून भरतीचें पाणी खेळे. कोळी मासे धरीत, भंडारी माड जोपाशीत, आगरी व कुणबी भात पिकवीत. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसईच्या तहान्वयें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. हेंच बंदर त्यांच्यापाशीं सव्वाशें वर्षांहून अधिक काळ होतें. तथापि त्यांच्या हातून येथें मोठें शहर झालें नाहीं. म्हणजे केवळ बंदर उत्तम असून भागत नाहीं. मग आणखी काय लागतें?

१६६१ सालीं पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशीं विवाह ठरला व मुंबई आंदणांत गेली. आंदण पदरांत पडणें मात्र सोपें नव्हतें. बेट ताब्यांत घेण्यास आलेल्या सर अब्राहम शिपमन यास पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं दाद दिली नाहीं. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तो सुमारें चारशें शिपायांनिशीं खोळंबून राहिला. १६६४ सालीं तो तेथेंच वारला. बहुतेक शिपाईहि रोगराईनें गेले. अखेर १६६५ सालीं हंफ्रे कुक यानें उरलेल्या मूठभर लोकांसह बेटाचा ताबा घेतला. राजास तें खर्चाचें ओझें वाटलें. म्हणून १६६८ सालीं वर्षाला दहा पौंड खंडावर त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें.

कंपनीस मात्र त्याची गरज होती. तिची मुख्य वखार सुरतेस, मोंगलांच्या मुलखांत होती. शिवाजी महाराजांनीं १६६४ व १६७० सालीं सुरत लुटली, तेव्हां स्वतःच्या कोटाआड बंदर असण्याचें महत्त्व इंग्रजांस पटलें. हें काम जेरल्ड आँजिअर यानें हातीं घेतलें. १६६९ ते १६७७ पर्यंत तो गव्हर्नर होता.

आँजिअरनें ओळखलें कीं, भिंती बांधतां येतात, माणसें बांधून ठेवतां येत नाहींत. तीं आपण होऊन आलीं पाहिजेत. व्यापारी येण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहतो: जमीन आपली राहील काय, तंट्यांत न्याय मिळेल काय आणि देवधर्म निर्भयपणें करतां येईल काय. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायालय बसल्यापासून पोर्तुगीज मुलखांत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर भयप्रदच होतें. आँजिअरनें तिन्हींचीं उत्तरें दिलीं. १६७२ सालीं न्यायकचेरी उघडली. निरनिराळ्या जातींच्या पंचायतींस आपापले तंटे मिटविण्याची मुभा दिली. १६७४ सालीं जमीनदारांशीं करार होऊन, वर्षाला २०,००० झेराफिन देण्याच्या अटीवर त्यांच्या जमिनी कायम झाल्या. पारशांस दोखम्यासाठीं मलबार टेकडीवर जागा मिळाली. १६७७ सालीं दीवचा व्यापारी नीमा पारेख यास धर्माचाराची लेखी हमी देण्यांत आली.

हें औदार्य नव्हे, व्यापाऱ्याचा हिशेब होता. पण हिशेब खरा ठरला. सुमारें दहा हजारांची वस्ती कांहीं वर्षांतच साठ हजारांवर गेली, असा त्या काळचा अंदाज आहे.

वाट निष्कंटक मात्र नव्हती. येथील हवेंत दोन पावसाळे म्हणजे माणसाचें आयुष्य, अशी म्हण त्या वेळच्या इंग्रजांतच पडली होती. १६८७ सालीं कंपनीचें मुख्य ठाणें सुरतेहून येथें आलें. आणि दोनच वर्षांनीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें बेटावर उतरून किल्ल्यास वेढा घातला. औरंगजेबाची क्षमा मागून व दंड भरून कंपनीनें सुटका करून घेतली. त्यानंतर वस्ती रोडावली. तरी मोडली नाहीं. ज्यांस येथें जमीन, न्याय व देव्हारा मिळाला होता, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीं ती पुन्हां भरली.

खाजणें पुढें बुजलीं, सात बेटांचें एक बेट झालें व १९६० सालीं मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. ज्या कोटासाठीं एवढी धडपड झाली, तो शहरास अडचण होऊं लागतांच पाडावा लागला. कोट गेल्यानें शहराचें कांहीं बिघडलें नाहीं. परक्या माणसास निर्भयपणें नांदतां येईल हा भरंवसा मात्र तसा पाडतां येत नाहीं. कारण मुंबई वसली ती त्याच पायावर.