दहिसरचे पाहुणे वायनरी बघायला येताहेत? दोन दिवसांचा बेत असा आखा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की मुंबईच्या नातेवाइकांचे फोन वाजायला लागतात. दहिसर-बोरिवलीला राहणारा भाचा नाहीतर पुतण्या विचारतो, "शनिवार-रविवार येतोय, वायनरी दाखवाल का?" दिंडोरी, निफाड, इगतपुरी तालुक्यात राहूनही आपल्यातले कितीतरी जण वायनरीच्या फाटकाच्या आत गेलेले नसतात. मग पाहुण्यांना न्यायचं कुठे, खाऊ घालायचं काय आणि घरी सुखरूप पोहोचवायचं कसं? बेत आधी ठरवला तर सगळं सोपं आहे.

कधी बोलवायचं?

जानेवारी ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला. गोडी छाटणीनंतर वाईनच्या द्राक्षांची तोडणी याच दिवसांत होते, त्यामुळे द्राक्षं वायनरीत येताना आणि चिरडली जाताना बघायला मिळतात. एक खबरदारी घ्या. २६ जानेवारीला ड्राय डे असतो. सुट्टी म्हणून लोक नेमका तोच दिवस धरतात आणि त्यांना वाईन न चाखताच परतावं लागतं. निवडणुकीच्या काळातही तारखा तपासून घ्या.

दहिसरहून कसं यायचं?

गाडीने यायचं तर घोडबंदर रोडने भिवंडीकडे आणि तिथून नाशिकचा रस्ता. शनिवारी सकाळी घोडबंदरला गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून पहाटे निघायला सांगा. भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत येता येतं. हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि कसारा घाट टळला. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही.

गाडी नसेल तर दहिसरहून लोकलने दादर आणि तिथून सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडून नाशिकरोड. वाईन चाखायची असेल तर खरं म्हणजे हाच मार्ग बरा. त्याचं कारण पुढे आहे.

कुठे न्यायचं?

एका दिवसात एकच वायनरी. चार वायनऱ्या पळत पळत बघितल्या तर लक्षात काहीच राहत नाही. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, सोमा आणि यॉर्क आहेत. सुलाचं टेस्टिंग रूम २००५ पासून सुरू आहे. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि मुकणे धरणाजवळ कावनईला व्हॅलोने आहे. समृद्धीने येणाऱ्यांना हा भाग आधी लागतो. कुठेही जा, आदल्या दिवशी फोन करून वेळ, शुल्क आणि जागा विचारून घ्या. ओळखपत्र सोबत ठेवा. वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

चाखायचं म्हणजे काय?

चाखणं म्हणजे पिणं नव्हे. साधारण चार ते सहा प्रकारच्या वाईन थोड्या थोड्या, म्हणजे ३० मिलीच्या आसपास देतात. ग्लास दांडीला धरायचा, रंग बघायचा, ग्लास हलकेच फिरवून वास घ्यायचा आणि मग छोटा घोट तोंडात घोळवायचा. नको असेल तर थुंकायला भांडं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधी पांढरी, मग गुलाबी, शेवटी लाल. मधे मधे पाणी प्या.

शेतकऱ्याने आत एक गोष्ट जरूर बघावी. आपण बाजारात पाठवतो ती थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं. वाईनला शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबरने असे वाण लागतात. त्यांचे मणी बारीक, साल जाड आणि आत बी. लाल वाईनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस काढून साल बाजूला करतात.

जेवणाचं काय?

रिकाम्या पोटी चाखायला नेऊ नका. नाशिकला पोहोचल्यावर आधी मिसळ. गंगापूर-सातपूर लिंक रोडवरची साधना मिसळ चुलीवर शिजते. चाखताना सोबत चिवडा, शेंगदाणे चालतात. तिखटाबरोबर किंचित गोडसर, गार पांढरी वाईन जमते. काळ्या मसाल्याचा रस्सा किंवा ठेचा आणि वर तुरट लाल वाईन घेतली तर तिखट जास्तच झोंबतं.

रात्रीचं जेवण मात्र घरचं. बाजरीची भाकरी, रस्सा, ठेचा, जमलं तर मांडे. हॉटेलातलं पनीर त्यांना दहिसरलाही मिळतं.

गाडी कोण चालवणार?

हे आधीच ठरवा. पाच प्रकार चाखले की साधारण १५० मिली, म्हणजे भरलेला एक ग्लास वाईन पोटात जाते. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवता येत नाही. मध्यम बांध्याचा माणूस एवढ्याने त्या रेषेवर येतो, बारीक अंगाचा पलीकडे जातो. पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं सोडा, रात्री हायवेवर कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. म्हणून न चाखणारा एक माणूस ठरवा किंवा रिक्षा-टॅक्सी सांगा. गरोदर बाई आणि औषधं चालू असलेल्यांनी चाखूच नये.

रविवार गावासाठी ठेवा

शनिवारी वायनरी झाली की रविवारी पाहुण्यांना बागेत न्या. छाटणी, विरळणी, डिपिंग आणि अवकाळीची धास्ती त्यांना सांगा. वायनरीत एका बाटलीला ते जेवढे पैसे देतात, त्यातले बागायतदाराच्या हातात किती पडतात हे त्यांना ठाऊक नसतं. बागेतून थेट द्राक्षं, बेदाणा, घरचा मसाला विकत न्यायला सांगा. तो पैसा गावात राहतो.

हेच नेमाने करायची इच्छा असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. त्यात पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. जेवण विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. घरी वाईन बनवून विकायचा विचार मात्र मनात आणू नका. उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

परतीला चार-साडेचारलाच निघायला सांगा. रविवारी रात्री घोडबंदर पुन्हा तुंबतो, आणि सोमवारी सकाळी त्यांना लोकल पकडायची असते.