धानाच्या बांधीतील शेवाळ आणि त्याचा अदृश्य शत्रू

धान हे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील खरिपाचे मुख्य पीक होय. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तथापि धानशेतीची रीत दोन्हीकडे सारखीच राहिली. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही असो वा पलीकडे आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी असो, रोवणी आटोपल्यावर बांधीतील साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा थर दिसू लागतो. बोडीच्या काठावर आणि धुऱ्यालगतच्या ओलीतही तो आढळतो. पुष्कळ शेतकरी त्यास निरुपयोगी घाण समजतात. वस्तुतः त्यातील काही जाती हवेतील नत्र धरून तो पिकास उपलब्ध करून देतात.

पी. के. डे यांनी १९३९ साली धानाच्या शेतातील नत्राच्या पुरवठ्यात या शेवाळाचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. आर. एन. सिंह यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले, तर दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. जी. एस. वेंकटरामन यांनी शेवाळ-खताचा प्रसार केला. नॉस्टॉक, ॲनाबीना, टॉलिपोथ्रिक्स व ऑलोसिरा या त्यातील उपयुक्त जाती होत. अनुकूल परिस्थितीत एका हंगामात हेक्टरी सुमारे २५ ते ३० किलो नत्र मिळू शकते, असे सामान्यतः मानले जाते. शास्त्रीयदृष्ट्या हे शेवाळ नसून जिवाणूंचाच एक वर्ग आहे. परंतु व्यवहारात रूढ झालेले नावच येथे वापरले आहे.

खड्ड्यातील शेवाळ का बसते?

शेवाळ-खत घरच्या घरी तयार करता येते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व वीतभर खोल खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून आठ ते दहा किलो माती व २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालावे. पाणी भरून माती खाली बसू द्यावी व वर शेवाळाचे विरजण भुरभुरावे. उघड्या उन्हात काही दिवसांत जाड थर धरतो. पाणी आटवून त्याच्या पापड्या गोळा कराव्या. हेक्टरी दहा किलो सुक्या पापड्या रोवणीनंतर आठवड्याने साचलेल्या पाण्यात फेकाव्या.

इतके करूनही कधी भरात आलेला थर अकस्मात विरतो. मग शेतकरी विरजण खोटे होते म्हणतो, कार्यकर्ता पाण्यास दोष देतो, आणि पुढील वर्षी खड्डा भरलाच जात नाही. ही हानी केवळ एका खड्ड्याची नसते. एका चांगल्या साधनावरील विश्वासच त्यामुळे उडतो. यास्तव कारण शोधणे अगत्याचे आहे.

बहुधा दोष पाण्यातील सूक्ष्म किड्यांचा, डासांच्या अळ्यांचा अथवा गोगलगाईंचा असतो. हे जीव शेवाळ खातात आणि नीट निरखल्यास डोळ्यांना दिसतात. काही वेळा शेजारच्या बांधीतील तणनाशक खड्ड्यात उतरते. तथापि यापैकी काहीच न आढळल्यास आणखी एका शत्रूचा विचार करावा लागतो. तो म्हणजे विषाणू होय.

शेवाळावरील विषाणू

माणसास गोवर होतो, तसा शेवाळासही विषाणूंचा उपद्रव होतो. निळ्या-हिरव्या शेवाळावरील पहिला विषाणू सॅफरमन व मॉरिस या शास्त्रज्ञांनी १९६३ साली अमेरिकेत सांडपाणी शुद्ध करण्याच्या तळ्यातून वेगळा केला. लिंगबिया, प्लेक्टोनिमा व फॉर्मिडियम या तीन जातींवर तो वाढतो, म्हणून त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास एल.पी.पी. हे नाव मिळाले. चारच वर्षांनी, १९६७ साली, आर. एन. सिंह व पी. के. सिंह यांनी भारतातही असे विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. नत्र धरणाऱ्या नॉस्टॉकवरील विषाणूचे वर्णन १९७१ साली ॲडॉल्फ व हॅसलकॉर्न यांनी केले. तो एन-१ या नावाने ओळखला जातो.

विषाणूस स्वतःचे पोट नाही व स्वतंत्र वाढही नाही. तो शेवाळाच्या पेशीला चिकटतो, आपले बीजद्रव्य आत सोडतो आणि त्या पेशीकडूनच आपली संतती घडवून घेतो. काही तासांतच पेशी फुटते व नवे विषाणू पाण्यात पसरतात. शेजारी त्याच जातीचा दुसरा तंतू असला की तोही बळी पडतो. म्हणूनच एकाच जातीने गच्च भरलेला खड्डा विषाणूस विशेष सोयीचा ठरतो. बांधीत अनेक जाती मिसळलेल्या असल्याने सरसकट नाश होण्याचा संभव कमी असतो. शिवाय फुटलेल्या पेशींतील नत्र पाण्यातच राहून कालांतराने धानास मिळू शकते. खड्ड्यात मात्र विरजणच बुडते.

शेवाळाची प्रतिकारशक्ती

शेवाळ अगदीच असहाय नाही. त्याच्या बचावाचे तीन मार्ग ठळकपणे दिसून आले आहेत. पहिला मार्ग कुलूप बदलण्याचा होय. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक खुणेलाच चिकटतो. ती खूण बदललेल्या ॲनाबीनावर काही विषाणूंचे काही चालत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. दुसरा मार्ग शत्रूस दारात कापून काढण्याचा होय. ॲनाबीनाच्या पेशींत परके बीजद्रव्य तोडणारी विकरे असतात. तिसरा मार्ग स्मरणाचा होय. पूर्वी येऊन गेलेल्या विषाणूच्या बीजद्रव्याचा तुकडा जपून ठेवून पुन्हा तसाच शत्रू आल्यास त्यास ओळखण्याची व्यवस्था अनेक जातींत असते.

परंतु ही शक्ती फुकट मिळत नाही. समुद्रातील एका निळ्या-हिरव्या शेवाळावरील २०११ च्या संशोधनात असे दिसले की, एका विषाणूस दाद न देणारे वाण कधी सावकाश वाढते, तर कधी दुसऱ्याच विषाणूस अधिक बळी पडते. धानाच्या रोगप्रतिकारक वाणांचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास यात नवल वाटू नये. यास्तव उपाय एकाच बळकट वाणाच्या शोधात नाही, तर अनेक वाणांच्या मिश्रणात आहे.

संशय आल्यास सोपी परीक्षा

विषाणूच्या उपद्रवात गडद थरावर प्रथम पिवळट ठिपके पडतात, ते वाढत जातात, तंतू सैल होऊन तुटतात. अशा वेळी काचेच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्याव्या. प्रत्येकीत दुसऱ्या खड्ड्यातील निरोगी शेवाळ सारखे टाकावे. पहिलीत विहिरीचे स्वच्छ पाणी, दुसरीत संशयित खड्ड्याचे जाड कापडातून गाळलेले पाणी आणि तिसरीत तेच पाणी उकळून थंड करून घालावे. बाटल्या उजेडात, पण कडक उन्हाबाहेर ठेवाव्या. दुसऱ्या व तिसऱ्या दोन्ही बाटल्यांतील शेवाळ मेल्यास औषधाचा अंश अथवा पाण्याचा दोष संभवतो. केवळ दुसरीतील मेल्यास पाण्यात एखादा सूक्ष्म सजीव घटक असावा. तो विषाणूच आहे, हे मात्र प्रयोगशाळेतच ठरते.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी घ्यावयाची काळजी

१. विरजण एकाच जातीचे न वापरता मिश्र वापरावे. आपल्या बांधीत चांगले वाढणारे स्थानिक शेवाळ त्यात मिळवावे.

२. एका मोठ्या खड्ड्याऐवजी दोन-तीन लहान खड्डे एकमेकांपासून दूर करावे. एकाची बादली व झारी दुसऱ्यास वापरू नये.

३. बिघडलेल्या खड्ड्याचे पाणी किंवा गाळ नव्या खड्ड्यात कदापि नेऊ नये. खड्डा रिकामा करून कडक उन्हात चांगला तापू द्यावा. उन्हाने विषाणूंचा जोर कमी होतो.

४. प्रत्येक वेळी थोडे चांगले विरजण सुकवून, कोरड्या डब्यात वेगळे राखून ठेवावे.

५. बिघडलेल्या खड्ड्यात काही तंतू हिरवे राहिल्यास ते प्रतिकारक्षम असू शकतात. त्यांना लगेच सर्वत्र पसरवू नये. नत्रखत न घालता, केवळ माती व सुपर फॉस्फेटवर लहान भांड्यात वाढवून पाहावे. तेथे ते जोमाने वाढले तरच मिश्रणात घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खड्डा बसला एवढीच नोंद करून थांबू नये. पाण्याचा स्रोत, विरजण आणल्याची तारीख, पहिला ठिपका दिसल्याचा दिवस व शेजारच्या शेतातील फवारणी यांची नोंद ठेवावी आणि ती नजीकच्या संशोधन केंद्रास कळवावी. नेमके कारण कळले, तर पुढील हंगामात तोच शेतकरी दुसरा खड्डा भरण्यास कचरणार नाही.